फोन लागला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला नाही, आमच्या गटातल्या एकालाही नाही. आणि आमच्या गटात तर माणसं एकमेकांना सगळं सांगतात. नवऱ्यानं काय केलं, सासूनं काय केलं, आपण स्वतः काय केलं. त्या खोलीत मांडी घालून बसून मी किती जणांची गुपितं ऐकली असतील! माझं मात्र एवढं एक राहिलं. बावीस वर्षं राहिलं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा कुकर लावायला, एकदा वाळलेले कपडे काढायला, आणि एकदा उगीचच.

माझं नाव पुष्पा. धायरीला राहते, मुलीबरोबर. ती हिंजवडीला नोकरी करते. सकाळी घर सोडते ते संध्याकाळीच दिसते. मी एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रावर समुपदेशक आहे. नवीन माणूस हातात रिपोर्ट घेऊन येतो, तेव्हा त्याला आधी माझ्यापुढे बसवतात. मी त्याला सांगते — मलाही आहे. पंचवीस वर्षं होत आली. बघा माझ्याकडे. तो बघतो. हळूहळू त्याचे खांदे सैल होतात. आणि दर वेळी माझ्या मनात येतं, मी कशी वाचले हे याला माहीत असतं तर?

पण असं मध्येच नको. पहिल्यापासून सांगते.

माझा नवरा पिंपरीला कारखान्यात होता. तो गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. आमच्या दोघींची तपासणी झाली. तिला नव्हतं, मला होतं. सासरच्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. फक्त माझं ताट, वाटी, पेला वेगळा ठेवला आणि माझ्या हातचं खाणं बंद केलं. महिनाभर ते बघितलं आणि मीच निघाले. आईकडे आले, पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीत.

आईनंच कुठून तरी ऐकलं, की वस्तीतल्या विहारामागे एक खोली आहे आणि तिथे ‘अशी’ माणसं जमतात. विहारातल्या वडीलधाऱ्यांनी ती खोली दिली होती, एकही प्रश्न न विचारता. त्या काळात हे लहानसहान नव्हतं. दारावर पाटी होती: ‘मंगळवार. दुपारी तीन. या.’ बस, एवढंच. काय आहे, कशासाठी या, काही नाही. आसपासच्या लोकांना वाटायचं शिवणक्लास असेल.

ती पाटी विलासदादानं रंगवली होती.

तो पेंटर होता. स्वारगेटजवळ रस्त्याकडेला बसून नंबरप्लेटी लिहायचा, दुकानांच्या पाट्या करायचा. नखांत कायम रंग. मूळचा करमाळ्याकडचा. बायको आजार कळल्यावर माहेरी गेली ती आलीच नाही, आणि त्याबद्दल तो तिला कधी वाईट बोलला नाही. पहिल्या दिवशी मी दाराशी चप्पल पायात ठेवूनच बसले होते — उठून पळता यावं म्हणून. त्यानं सगळ्यांना चहा दिला, मला दिला, आणि हळूच म्हणाला, “ताई, चप्पल काढ की आता. हितं कुणी पाठीमागं लागत नाही.”

मी काढली. त्या दिवसापासून त्या खोलीत मला भाऊ होता.

त्या वेळी आमच्यासाठी औषध नव्हतं. म्हणजे होतं, पण ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. आम्ही काय करायचो? एकमेकांना धरून राहायचो. एका दवाखान्यात आमच्यातल्या बाळंतिणीला कुणी हात लावेना, तेव्हा आम्ही अकरा जण तिथल्या व्हरांड्यात जाऊन बसलो. ओरडलो नाही, काही नाही, नुसते बसून राहिलो. शेवटी एक सिस्टर हातमोजे घालत आत गेली. आमच्यातलं कुणी गेलं आणि नातेवाईक पुढे झाले नाहीत, तर खांदा आम्हीच द्यायचो. बायकाही. सरकारनं औषध द्यावं म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चे काढले, त्यांचे फलक विलासदादा रात्रंदिवस खपून लिहायचा. तोंडाला रुमाल बांधून चालायचो आम्ही. तो एकटाच उघड्या तोंडानं चालायचा. मी विचारलं, भीती नाही वाटत? तर म्हणाला, “वाटती. पण रुमालात दम लागतो मला.”

असा होता तो. हे मी मुद्दाम सांगते आहे. तुम्हाला कळायला हवं, मी कुणाशी काय केलं.

आमच्या गटाच्या एक डॉक्टरबाई होत्या, वयस्कर, फटकळ. त्यांच्या ओळखीचे कुणी परदेशात होते. त्यांनी कबूल केलं की एका माणसाचं औषध ते पाठवतील, लागेल तितकी वर्षं. एका माणसाचं. आम्ही तेवीस जण होतो.

डॉक्टरबाईंनी ते सगळ्यांसमोर ठेवलं. मग ठरलं, रक्तातल्या पेशींचा आकडा ज्याचा सगळ्यात कमी, म्हणजे आजार ज्याचा सगळ्यात पुढे गेलेला, त्याला. त्या यादीत पहिलं नाव विलासदादाचं निघालं. दुसरं माझं.

तो लगेच म्हणाला, माझ्यामागे रडायला कोण आहे, हिची पोरगी लहान आहे, हिलाच द्या. डॉक्टरबाई कडाडल्या. म्हणाल्या, “हे काय हळदीकुंकवाचं वाण आहे का, याचं त्याला द्यायला? ज्याचा आकडा कमी त्याला. विषय संपला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि खरंच सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं.

बैठक संपल्यावर आम्ही दोघं पाठीमागच्या नळावर कप विसळत होतो. तो खाली बघत म्हणाला, “ताई, एक खरं सांगू का? तोंडानं नको म्हणलो. पण मला पाहिजे होतं. लई पाहिजे होतं. जगायचंय मला अजून.”

हे त्यानं फक्त मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

औषध यायला महिना-दीड महिना लागेल असा अंदाज होता. म्हणून तो मध्ये दहा दिवस गावी गेला. आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. आणि औषध लवकर आलं. ज्यांनी ते आणलं ते गृहस्थ रविवारी परत जाणार होते. त्याआधी ज्याला द्यायचं त्याचं नाव, ताजा रिपोर्ट आणि सही असे कागद त्यांच्याबरोबर जायला हवे होते. डॉक्टरबाईंनी मला गुरुवारी बोलावून घेतलं. गटाची वही माझ्याकडे असायची. कुणाचा पत्ता, कुणाच्या शेजाऱ्याचा फोन, सगळं तीत लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, “विलासला फोन कर. शनिवारी सकाळी इथे हवा म्हणावं. नाही आला तर पुढचं नाव घ्यावं लागेल.”

पुढचं नाव. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कागदांत डोकं घालून म्हणाल्या.

मी स्वारगेटला गेले, एसटीडी बूथवर. भर दुपार होती. त्याच्या गावात फोन एका किराणा दुकानात होता, तोच नंबर त्यानं दिला होता. मी लावला. तुम्हाला वाटेल, आता ही सांगेल की मुलगी सोबत होती, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि... नाही. मुलगी बालवाडीत होती. मी एकटी होते. आणि मी तिचा विचारही केला नाही. पुढे वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की मी हे तिच्यासाठी केलं, आणि ते खोटं आहे. त्या काचेच्या खोक्यात मी माझा विचार केला. माझ्या अंगातला रोजचा ताप, तोंडात आलेले फोड, सुटत चाललेले केस. मला मरायचं नव्हतं.

फोन लागला. पहिल्याच खेपेला लागला. पलीकडून दुकानदाराचा आवाज आला. मी म्हटलं, पुण्याहून बोलतेय, विलासशी बोलायचंय. तो म्हणाला, “थांबा हां, बोलावतो. हितंच हाय घर.”

आणि त्यानं रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग त्याची हाक ऐकू आली — “विलास, ए विलास, पुण्याचा फोन हाय.” कोंबड्यांचा आवाज. कुणाचं तरी हसणं. मी ते सगळं ऐकत होते.

मी फोन ठेवला.

किती वेळ ऐकलं असेल? अर्धा मिनिट? मिनिट? तेवढ्यात माणूस किती विचार करू शकतो! मी सगळा विचार केला. म्हणून तो क्षणाचा मोह होता असं मला म्हणता येत नाही. आणि पुढे जे झालं त्यामुळे तर मुळीच नाही.

शुक्रवारी डॉक्टरबाईंनी विचारलं, झाला का फोन? मी म्हटलं, दोनदा केला, लागला नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मग कुणाला तरी एसटीनं पाठवू या, आत्ता निघालं तर संध्याकाळी पोचेल. आणि मी — अगदी शांत आवाजात, मला माझाच आवाज आठवतो — म्हटलं, “गावात नसेल तो. बहिणीकडे जाणार म्हणाला होता. कुठल्या गावाला ते माहीत नाही.”

बहीण होती त्याला, पण तो असं काही म्हणाला नव्हता. ते मी रचलं. तिथल्या तिथे, एका दमात.

शनिवारी सकाळी सही केली. माझी.

तो पुढच्या बुधवारी परत आला. डॉक्टरबाईंनी त्याला सांगितलं, आणि तो तिथून थेट आमच्या घरी आला. मी भाकरी करत होते. हात पिठानं भरलेले. मला वाटलं, आता संपलं. तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, झालं ते बरं झालं, तुझी पोरगी लहान आहे. मग म्हणाला, “त्या दिवशी दुकानात फोन आला होता गं पुण्याचा. बाईचा आवाज होता म्हणं. मी पळत आलो तर कट झालेला. परत येईल म्हणून दिवस मावळंपर्यंत बसलो तिथंच, तेलाच्या डब्यावर.”

मी त्याच्याकडे बघितलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हटलं, “दवाखान्यातून कुणी केला असेल. मी लावला तेव्हा नाही लागला.”

तो म्हणाला, “असंल. गावचा फोन हाय, कधी काय करंल.”

माझं खोटं त्यानंच सारवून दिलं.

तुम्ही विचाराल, त्याला कळलं होतं का? मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. तो शहाणा माणूस होता. त्या गावी पुण्याहून फोन करणाऱ्या बायका कितीशा असणार? पण मला ठाऊक नाही. त्याला कळलं होतं आणि त्यानं मला माफ केलं होतं, असं मानलं की मला फार बरं वाटतं. म्हणूनच मी ते मानत नाही.

औषधानं माझं अंग भरत गेलं. त्याचं झिजत गेलं. दिवाळीनंतर त्याला टीबी झाला, मग उठवेना. तेव्हा हे केंद्र नव्हतं, मला नोकरी नव्हती; दुपार मोकळी असायची. मी त्याच्या खोलीवर जायची. पेज करून द्यायची, पाठ पुसायची, उशीखालचं फडकं बदलायची. तो माझ्याकडे बघून खूश व्हायचा. एकदा माझ्या गालाला बोट लावून म्हणाला, “गाल आलं की गं तुला.” आणि हसला, एखाद्यानं स्वतः रंगवलेली पाटी लांबून बघावी तसा. मी भांडी घासायचं निमित्त करून बाहेर गेले.

ती सेवा होती? की भरपाई? माया होती हे नक्की. पण कुणाला मारून त्याच्यावर माया करता येते का? येते. मी केली. दोन्ही खरं होतं.

शेवटच्या मोर्चाचे फलक त्यानं अंथरुणावर बसून लिहिले. हात थरथरायचा म्हणून मी त्याचं मनगट धरायची. ‘औषध आमचा हक्क आहे.’ ‘औषध’मधला ‘ष’ त्याला हवा तसा वळेना, तर त्यानं तो खरवडून परत काढला. मी म्हटलं, कोण बघतंय दादा. म्हणाला, साहेब लोक बघतील, अक्षर चांगलं पाहिजे.

त्या मोर्चाला मी रुमाल बांधला नाही. लोकांनी माझं कौतुक केलं. पेपरात फोटो आला. पुष्पाताईंचं धैर्य, असं काहीसं त्याखाली होतं.

तो फेब्रुवारीत गेला, दुपारी, मी पाणी आणायला गेले होते तेवढ्यात. आम्ही खांदा दिला. त्याची आई गावाहून आली होती, दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. तिनं माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “ह्या लेकरानं माझ्या लेकाचं केलं.” मी तो हात सोडवून घेतला नाही.

त्याच उन्हाळ्यात सरकारी औषध सुरू झालं. फुकट. सगळ्यांना. आमच्या गटातले पहिल्या रांगेत उभे राहिलेले बहुतेक जण आजही आहेत. कुणाची नातवंडं झाली. डॉक्टरबाईंचा हिशेब होता, की त्याच्या शरीराला आणखी एखादं वर्ष काढायला ते औषध पुरलं असतं, आणि मग पुढचं सरकारनं दिलं असतं. हे त्या मला म्हणाल्या, हळहळून, मला काहीच माहीत नाही असं समजून. आणि माझा आकडा त्याच्याहून बरा होता. मीही कदाचित त्या उन्हाळ्यापर्यंत टिकले असते. कदाचित. हे ‘कदाचित’ तपासून बघायची वेळ मी माझ्यावर येऊच दिली नाही.

मग इतक्या वर्षांनी आज का?

आमच्या गटाची पुस्तिका निघते आहे. पहिल्या दिवसापासूनची सगळी हकिकत. ती खोली, ते व्हरांड्यात बसणं, ते मोर्चे. आत्ताची अध्यक्ष मीना, जिला मीच बोट धरून गटात आणलं, ती माझ्या घरी दोन दुपारी बसून लिहून घेत होती. विलासदादाबद्दल मी भरभरून बोलले. तिनं विचारलं, ताई, ते औषध त्यांना का नाही मिळालं? आणि माझ्या तोंडून आलं, गावी फोन लागला नाही. विचार न करता आलं. सवयीनं आलं.

गेल्या आठवड्यात तिनं छपाईआधीची पानं तपासायला दिली. त्यात ते वाक्य होतं. ‘दुर्दैवाने गावी फोन न लागल्यामुळे त्यांची संधी हुकली.’ चष्मा लावून मी ते वाचलं. तोंडानं बोललेलं खोटं हवेत जातं, असं वाटत होतं मला. हे तर काळ्या शाईत, त्याच्या फोटोशेजारी, कायमचं बसणार होतं. आणि दोष कुणाचा? त्या गावच्या फोनचा. हाक मारत धावलेल्या त्या दुकानदाराचा.

मी ते वाक्य खोडलंय. त्याच्या जागी काय झालं ते लिहिलंय, माझ्या नावानिशी. सोमवारी मीना पानं न्यायला येईल. एक प्रत मी त्याच्या बहिणीला टपालानं पाठवणार आहे. त्याची आई आता राहिली नाही. मुलीला आज संध्याकाळी, जेवण झाल्यावर, मीच वाचून दाखवीन. नंतर ती काय म्हणेल ते म्हणेल. गट काय म्हणेल ते म्हणेल. केंद्रावर उद्यापासून येऊ नका म्हणाले तर तेही त्यांचं बरोबरच असेल.

त्याच्या फोटोखाली नुसतं नाव छापलं होतं. मी पेनानं त्यापुढे वय लिहिलं. चौतीस.

मला पुढच्या महिन्यात बावन्न पूर्ण होतील.